दाबू का?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात मला वीस वर्षं होऊन गेली. पहिली काही वर्षं साताऱ्यात, पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात हाताखाली काढली. नंतर सांगलीत स्वतःचा गाळा घेतला. या सगळ्या काळात फोनवर सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे "दाबू का?" पलीकडं कधी निवृत्त गुरुजी असतात, कधी पतसंस्थेतल्या ताई, कधी हळदीचे अडते. नाव नाही, गाव नाही, थेट सुरुवात.

"दादा, पिवळी पेटी आलीया. खाली दोन बटणं हाईत. डावीकडचं दाबू का?"

"आधी वाचा, काय लिहिलंय."

मग एकेक अक्षर जोडत इंग्रजी वाक्य यायला लागतं. निम्म्यात येतं न येतं तोवर, "गेली की ओ! माझाच हात लागला वाटतं."

"फुकटातला अँटिव्हायरस कुठला चांगला?" हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न. तो दुकानात, समोरासमोर, जरा आवाज खाली आणून विचारला जातो. या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि काही गिऱ्हाइकांचं नुकसानही बघावं लागलं.

मी कामाला लागलो तेव्हा एमएस-सीआयटीची लाट जोरात होती. 2001 साली सुरू झालेला हा कोर्स सरकारी नोकरदारांना करावाच लागायचा, त्यामुळं शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, सगळे तिशी-चाळिशी ओलांडल्यावर माउस धरायला शिकत होते. कोर्स झाला की हप्त्यावर घरी कॉम्प्युटर यायचा. त्याच्यावर टीव्हीसारखा भरतकामाचा रुमाल, कीबोर्डला प्लॅस्टिकचं कव्हर. या मंडळींचा एकच समज पक्का होता: मशीन महाग आहे, चुकीचं बटण दाबलं तर बिघडेल. तो समज अगदीच खोटा होता असं मला आज वाटत नाही.

खेड्यात इंटरनेट क्वचितच, पण पेनड्राइव्ह गावभर फिरायचा. लग्नसराईत डीटीपीच्या दुकानात दिवसाला चाळीस-पन्नास पेनड्राइव्ह एकाच मशीनला लागायचे. कुणाची पत्रिका, कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, कुणाचा बायोडेटा. पेनड्राइव्ह खोचला की आतला प्रोग्राम आपोआप चालू व्हायचा. ही सोय मायक्रोसॉफ्टनं 2011 साली अपडेट पाठवून एक्सपी आणि व्हिस्टामधून बंद केली. तोवर एकाच्या पेनड्राइव्हमधली पीडा दहा गावांत पोहोचलेली असायची, खरजेसारखी.

त्यातल्या एका व्हायरसला सगळे 'न्यू फोल्डर' म्हणायचे. फोल्डर उघडला की त्याच्या पोटात त्याच नावाचा आणखी एक फोल्डर. चित्र तेच, पिवळं. खरं म्हणजे तो फोल्डरचं चित्र डकवलेला प्रोग्राम असायचा. फाइलच्या नावाचं शेपूट विंडोज लपवून ठेवतं, त्यामुळं शेवटचं 'डॉट ईएक्सई' दिसायचं नाही. मी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून यादी 'डिटेल्स'मध्ये करायचो आणि बोट ठेवून दाखवायचो: "हे बघा. खऱ्या फोल्डरपुढं आकाराचा रकाना रिकामा असतो. याच्यापुढं केबी लिहिलेत. फोल्डरला कुठं वजन असतं का?" हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुन्हा फसला नाही. कुठलाही अँटिव्हायरस न घालता ज्यांची मशीनं मी स्वच्छ राहिलेली पाहिली, त्यातले निम्मे या रिकाम्या रकान्यावर तरले.

पण हे दाखवायला वेळ लागायचा आणि बाहेर पाच गिऱ्हाइकं ताटकळायची. त्यापेक्षा फुकटातला एखादा अँटिव्हायरस टाकून द्यायचा, ही सगळ्यांचीच रीत होती. अ‍ॅव्हास्ट, एव्हीजी, अव्हिरा या तीन नावांवर आमची ती दहा वर्षं गेली. निवड कशी करायची, तर मासिकातला तक्ता बघून. कोण किती टक्के व्हायरस पकडतो? ज्याचा आकडा मोठा, तो टाकला. त्या तक्त्यात नसलेल्या गोष्टी मला नंतर गिऱ्हाइकांनी शिकवल्या.

पहिली गोष्ट, लाइट. त्या वर्षांत भारनियमन असं होतं की खेड्यात निम्मा दिवस वीज नसायची. जुन्या मशीनवर पूर्ण स्कॅनला साडेतीन-चार तास लागायचे आणि अडीच तास झाले की लाइट जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आटपाडीकडच्या एका शाळेतलं मशीन मी उघडलं तेव्हा सात महिन्यांच्या नोंदीत एकही स्कॅन पुरं झालेलं नव्हतं. मशीन मात्र रोज रेंगाळत होतं आणि गुरुजी म्हणत होते, "व्हायरस शोधतंय, शोधू द्या."

दुसरी गोष्ट, ताजी माहिती. अँटिव्हायरसला नव्या व्हायरसची ओळख रोज करून द्यावी लागते आणि ती इंटरनेटवरून येते. ज्यांच्याकडं नेट नाही त्यांच्यासाठी मी ती फाइल दुकानात उतरवून ठेवायचो. बाजाराच्या दिवशी आलेला माणूस मेथीच्या जुड्या आणि ताजी फाइल, दोन्ही घेऊन गावी जायचा. ती न्यायला आणलेला पेनड्राइव्ह मला आधी धुऊन काढावा लागायचा, ही त्यातली गंमत.

तिसरी गोष्ट मला कोरेगाव तालुक्यातल्या एका गुरुजींनी शिकवली. त्यांच्या मशीनवर मी टाकलेला फुकटातला अँटिव्हायरस माहिती ताजी झाली की इंग्रजीत बोलून दाखवायचा. एके दुपारी घरात गुरुजी एकटेच होते आणि स्पीकरमधून बाईचा आवाज आला. त्या वाक्यातला 'व्हायरस' हा एकच शब्द त्यांना कळला. त्यांनी भिंतीतला प्लगच उपसला. हे रोज घडत होतं. आठ दिवसांनी विंडोज उघडेनासं झालं तेव्हा सीपीयू पोत्यात घालून ते एसटीनं साताऱ्याला आले. "बाई सांगायची, व्हायरस आला. मी लगेच बंद करायचो," ते म्हणाले. अँटिव्हायरस बरोबर होता आणि गुरुजीही आपल्या परीनं बरोबर होते. चुकलो होतो मी. टक्क्यांचा आकडा बघून मी त्यांच्या घरात एक असं माणूस आणून बसवलं होतं, जे त्यांच्याशी परक्या भाषेत बोलत होतं.

तेव्हापासून मी निवडीचा प्रश्न बदलला. हा किती पकडतो हे नंतर; आधी हा माणसाला किती वेळा काही विचारतो ते बघायचं. ज्याला उत्तर माहीत नाही त्याला प्रश्न विचारणं म्हणजे कौल लावणं. दहातल्या पाच वेळा तो 'हो' दाबणार आणि पाच वेळा 'नाही', आणि दोन्ही वेळा घामाघूम होणार.

या कसोटीला फुकटातले बरेच जण उतरले नाहीत. कुणाला वर्षातून एकदा ई-मेल देऊन नोंदणी करायची असायची. ती विसरली की हिरवा शिक्का लाल व्हायचा आणि मला फोन यायचा. कुणी रोज संध्याकाळी अर्धा पडदा व्यापून आपल्याच विकतच्या आवृत्तीची जाहिरात करायचा. कुणी बरोबर टूलबार आणायचा, कुणी स्वतःचा ब्राउझर. नवशिक्याला खरी सूचना आणि जाहिरात यांत फरक करता येत नाही, कारण दोन्ही एकाच पेटीत, एकाच रंगात येतात. महिनाभर तो घाबरतो. मग त्याला सवय होते आणि खरी सूचनाही तो डास हाकलल्यासारखी हाकलतो. आणखी एक बाब आम्ही दुकानदार सोयीनं विसरायचो: या तिन्ही कंपन्यांचं फुकट घरगुती वापरापुरतं होतं. पतसंस्थेत, क्लासमध्ये, अडतीच्या दुकानात ते टाकणं नियमात बसत नव्हतं. मायक्रोसॉफ्टचं सिक्युरिटी इसेन्शियल्स 2009 साली आलं आणि पुढच्या वर्षी दहा मशीनपर्यंतच्या छोट्या धंद्यांनाही ते फुकट झालं, तेव्हा मला जरा मोकळा श्वास घेता आला.

आता पैशाचं बोलतो, कारण ते न बोलता हा विषय पुरा होत नाही. विकतच्या अँटिव्हायरसच्या एका डब्यामागं आम्हाला शे-दीडशे रुपये सुटायचे आणि दरवर्षी नूतनीकरण ठरलेलं. छोट्या दुकानाचं भाडं त्यावर निघतं. आमच्याकडं तर त्याला अभिमानाची जोड होती. क्विक हीलचे कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता त्यांनी 1993 साली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस काढली, धाकट्या भावानं, संजय यांनी, अँटिव्हायरस लिहिला आणि 1995 साली तो बाजारात आला. 2016 साली कंपनी शेअर बाजारात उतरली. माझ्यासारख्या स्क्रूड्रायव्हर धरणाऱ्या पोरांना ही गोष्ट पाठ होती. गिऱ्हाईकही म्हणायचं, "आपल्या साताऱ्याच्या माणसाचं द्या." मी आनंदानं दिलं. ज्याला पैसे देऊन हक्कानं फोन करायचा आहे, त्याला मी विकतचं आजही देतो. पण पेन्शनवर जगणाऱ्या, आठवड्यातून दोनदा नातवाचे फोटो बघणाऱ्या आजोबांना डबा विकताना माझी जीभ अडखळायला लागली होती.

विंडोज 8 आलं 2012 साली आणि त्याच्याबरोबर डिफेंडर आतच बसून आलं. सुरुवातीला ते कच्चं होतं. मायक्रोसॉफ्टचं हे इंजिन त्या सुमारास जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेच्या परीक्षेत नापासही झालं होतं. पुढं ते सुधारत गेलं आणि 2019 साली त्याच प्रयोगशाळेत त्यानं पैकीच्या पैकी गुण मिळवले. मला मात्र त्याचा दुसराच गुण भावला. ते बोलत नाही. जाहिरात दाखवत नाही, मुदत संपली म्हणून रुसत नाही, नोंदणी मागत नाही. व्हायरस सापडला की बाजूला ठेवतं आणि कोपऱ्यात एक ओळ दाखवून गप्प बसतं. गुरुजींना असाच माणूस घरात हवा होता.

त्याच सुमारास फुकटाची दुसरी किंमतही उघड झाली. 2020 च्या जानेवारीत बातमी आली की अ‍ॅव्हास्ट आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकत होतं. जम्पशॉट बंद झाली. 2024 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. मी शेकडो मशीनवर ते सॉफ्टवेअर स्वतःच्या हातानं टाकलं होतं, 'आय अ‍ॅग्री' हे बटणही गिऱ्हाइकाच्या वतीनं मीच दाबलं होतं. "दाबू का?" असं मी कुणालाच विचारलं नव्हतं.

तरीही अँटिव्हायरस कुठला यावर सगळं ठरतं, हा माझा भ्रम पुरता फिटला तो एका हळदीच्या अडत्यामुळं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे. महिनाभर माझ्या गाळ्यात चिखलानं भरलेल्या सीपीयूंची रांग लागली होती. या शेठजींचं मशीनही त्यात होतं. पण ते निर्धास्त होते. टॅलीच्या हिशेबाची नक्कल असलेली हार्ड डिस्क त्यांनी मिरजेला बहिणीकडं ठेवली होती. नवं मशीन घेतलं, नक्कल चढवली, दुकान सुरू.

पुरानंतर मात्र त्यांनी ती डिस्क सोयीसाठी नव्या मशीनलाच कायमची लावून ठेवली. "आता रोजच्या रोज नक्कल होती, मिरजेला कोण हेलपाटं मारतंय!" सहा-सात महिन्यांनी त्यांच्या भाच्यानं फोटोचं एक महागडं सॉफ्टवेअर फुकटात चालवायला त्याचा क्रॅक उतरवला. डिफेंडरनं तो अडवला. क्रॅकबरोबरच्या सूचनेत पहिलीच ओळ होती, अँटिव्हायरस बंद करा. भाच्यानं बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक फाइलच्या नावापुढं चार अनोळखी अक्षरं लागलेली आणि एक चिठ्ठी: 980 डॉलर द्या, 72 तासांत दिले तर 490. तो स्टॉप नावाचा रॅन्समवेअर होता. मशीनमधला हिशेब कुलूपबंद आणि शेजारी जोडलेली नक्कलही कुलूपबंद. एमसीसॉफ्ट या कंपनीनं अशा फाइली सोडवायचं साधन फुकट दिलेलं होतं, मी रात्रभर ते चालवून पाहिलं; पण ते ठरावीक किल्ल्यांनाच चालतं आणि आमची किल्ली त्यातली नव्हती. शेवटी शेतकऱ्यांना दिलेल्या पट्ट्यांच्या कार्बन प्रती, बँकेचे उतारे आणि सीएकडं गेलेले जीएसटीचे कागद यांवरून दोन पोरांनी महिनाभर बसून हिशेब पुन्हा उभा केला. महापुरातून वाचलेला हिशेब एका बटणानं गेला होता, आणि दाबायच्या आधी त्या पोरानं कुणाला विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. नवशिक्या माणसाचं मशीन माझ्याकडं आलं की आधी त्यातले दोन-दोन, तीन-तीन अँटिव्हायरस काढतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघं एकमेकांच्याच फाइली तपासत बसतात आणि मशीन गुदमरतं. नव्या लॅपटॉपबरोबर आलेलं काही दिवसांच्या मुदतीचं सॉफ्टवेअरही काढतो, कारण मुदत संपल्यावरही माणूस "आहे की अँटिव्हायरस" म्हणून निवांत राहतो. मग आतलं डिफेंडर चालू करून ठेवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोजच्या वापराचं खातं साधं ठेवतो, ज्याला नवं काही बसवायचं तर पासवर्ड लागतो, आणि तो पासवर्ड घरातल्या एकाच जाणत्या माणसाला देतो. गुरुजींच्या घरी तो सुनेकडं आहे. डब्याचं कमिशन गेलं, त्याऐवजी मी वर्षाची देखभाल ठरवून घेतो.

शेवटचं काम मी प्रत्येकाला समोर बसवून करतो. 'आयकार' नावाची 68 अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. अँटिव्हायरस जागा आहे का हे तपासण्यासाठीच ती तयार केलेली आहे आणि जवळपास सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस मानतात. नोटपॅडमध्ये ती ओळ टाकून मी फाइल सेव्ह करतो. लगेच कोपऱ्यात डिफेंडरची खरी सूचना येते. "ही बघा. अशी दिसते. किती लहान आहे, कुठं येते, काय आवाज येतो, नीट बघा." बचत गटाच्या बायकांना हे दाखवत होतो तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "एवढंच? आमच्या पोराच्या मशीनवर तर लाल पडदा येतो, भोंगा वाजतो आन् खाली फोन नंबर असतो." मला जे सांगायचं होतं ते त्यांनीच सांगून टाकलं. भोंगा वाजवून फोन नंबर देणारा पडदा अँटिव्हायरसचा नसतो, तो चोराचा असतो. खरी सूचना कधीच फोन करायला सांगत नाही.

आता कॉम्प्युटरवरचे फोन कमी झालेत, मोबाइलवरचे वाढलेत. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते, आरटीओचं चलान येतं, पीएम किसानच्या नावानं काहीतरी येतं, आणि फाइलच्या शेवटी 'एपीके' असतं. पुन्हा तेच शेपूट, पुन्हा तोच न्यू फोल्डर. पत्रिकेला 'इन्स्टॉल' करावं लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. चुकून दाबलं गेलंच आणि पैसे गेले, तर लाजू नका. त्याच मिनिटाला 1930 ला फोन लावा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर 2017 पासून सफाईची साधनं फुकट मिळतात, तीही वापरा.

तर, फुकटातला कुठला चांगला? विंडोजमध्ये आहे तोच. त्यावर दुसरा चढवू नका, अपडेट थांबवू नका, क्रॅक आणू नका. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, तेव्हा तुमचं मशीन त्यातलं असेल तर आधी त्याचं बघा. आठवड्यातून एकदा कामाच्या फाइलींची नक्कल काढा आणि काढली की त्या डिस्कची वायर उपसून कपाटात ठेवा. आणि पेटी आली, दोन बटणं दिसली आणि कळलं नाही, तर दाबायच्या आधी एखाद्या जाणत्याला विचारा. मला फोन केलात तरी चालेल. फोनचे पैसे मी घेत नाही.